घर बघायचा दिवस

बिरू : शेजाऱ्याची हाय म्हणलं ना पाव्हणं ती मेंढी! वाट चुकली आन् घुसली घरात. पव्ह्याच्या ताटलीत पाय घातला तिनं, मला तर मेल्याहून मेल्यावानी झालं. तुमच्या धोतरावर काय सांडलं न्हाई ना?

रखमाजी : सांडलं तर सांडलं. धुतलं की जातंय. शेजारी कोण म्हणलाव?

बिरू : आं?

रखमाजी : मेंढीचा मालक.

बिरू : त्यो... पल्याडच्या आळीत ऱ्हातोय. आपल्या दत्ताचाच चुलता.

रखमाजी : आसं का. ही सोयरीक दत्तानंच काढली. जीपमधी पाथरीपासून हितवर त्याचं तोंड बंद न्हवतं. आमच्या भावकीत कुणाकडं शेळीचं पिलू बी न्हाई, म्हणत हुता.

बिरू : त्याला काय मालूम आसतंय? त्यो हमेशा मोटरसायकलवर.

रखमाजी : बसा की हितं. ह्यो दगूड चांगला हाय, सावलीला. घरात बायाबाया बोलत बसल्यात. माझी सोनू आन् तुमचा बबलू वसरीत बोलायलेत. आपलं बुढ्यांचं तिथं काय काम? तमाकू हाय का?

बिरू : हाय की. घ्या. चुना ह्यो घ्या.

रखमाजी : एक इचारू का? राग धरू नका. तुमचा बबलू चाकणला कंपनीत हाय, परमनंट हाय, सुट्टीवर आलाय. आसंच ना?

बिरू : आसंच की.

रखमाजी : कवर सुट्टी?

बिरू : दिवाळीपस्तोर.

रखमाजी : पोळा तर आत्ता झाला.

बिरू : मोठी कंपनी हाय. सुट्टी बी मोठीच देत्यात.

रखमाजी : बरं. आता मेंढी घरात घुसली, तवा समदे उठून भितीला चिकटले. तुमच्या पोरानं काय केलं, बघितलं का तुमी? पळत मागच्या दारी गेला. डालगं उचललं, त्याच्याखालचं कोकरू काखंत मारलं आन् आणून मेंढीच्या थानाला लावलं. मेंढी बुजलेली, उभी ऱ्हाईना. त्यानं नुसता तोंडानं आवाज काढला, हुर्र्र करून. मेंढी जाग्यावर गप. शेजाऱ्याची मेंढी परक्या पोराचं इतकं ऐकती व्हय?

बिरू : ल्हानपणी गेलंय कवा कवा मेंढरामागं. मोडत न्हाई पाव्हणं आसली सवय.

रखमाजी : कोकरू दोन दिसाचं. डालगं तुमचं. आंगण तुमचं.

बिरू : आजून घ्या की तमाकू.

रखमाजी : तमाकू चांगली हाय.

बिरू : हायती पाव्हणं. आमचीच हायती. आता झाकून काय उपेग! सकाळी अंधारात बबलूनं आख्खा कळप बन्सीधर मालकाच्या रानात नेऊन घातला. म्हणलं, पाव्हण्यांना नुसता वास बी यायला नको. माझ्या बायकूनं, भागीनं, आंगण दोनदा सारवलं. ही मेंढी परवाच व्यालेली. गडबडीत ती बी हाकलली बाकीच्यांसंगं, आन् कोकरू डालग्याखाली झाकलं.

रखमाजी : लेकरू घरात आन् माय रानात? मेंढरावाला माणूस आसं करतोय व्हय कवा?

बिरू : तेच ना! दीड कोस चालत आली लेकराच्या वासानं. जल्म गेला माझा ह्यांच्यामागं, कवा आशी चूक केली न्हाई. पाव्हणे यायचे म्हणलं की डोस्कं ठिकाणावर ऱ्हात न्हाई हो.

रखमाजी : हां.

बिरू : पण थांबा जरा. थांबा! मेंढीची मागली तंगडी कुणी धरली हुती?

रखमाजी : कवा?

बिरू : बबलू कोकरू पाजवायला बसला तवा. तुमी उठलाव, धोतर खोचलं, तंगडी धरून मागं वडली. वर कास दाबून बघितली, दूध उतरलंय का म्हणून. दत्ता तर सांगत हुता, पोरीच्या बापाचं पाथरीत बी-बियाणाचं दुकान हाय! दुकानदाराचा हात नेमका कासंला जातोय व्हय?

रखमाजी : ...गेला खरा.

बिरू : किती हायती?

रखमाजी : तुमच्यापरीस चार कमीच आसतील.

बिरू : आन् दुकान?

रखमाजी : मेव्हण्याचं. पोती उतरायची आसली की मला बलावतोय. मेंढरं आज त्याच्याच पोराजवळ दिलीत. त्याला नीट वळता यायचं न्हाई, निम्मी कुणाच्या तरी कापसात घुसली आसतील.

बिरू : आता ह्याला हासावं का रडावं! तुमी कामून झाकलं पण?

रखमाजी : कंपनीवालं पोरगं म्हणल्यावर मेंढक्याची पोरगी करील का कुणी? म्हणून दुकान घातलं मधी.

बिरू : आन् मेंढक्याच्या घरात पोरगी देईल का कुणी, म्हणून आमी कंपनी घातली!

रखमाजी : दत्ताला दोन्हीकडचं मालूम.

बिरू : मालूम म्हंजे? दोन्हीकडं जेवला ना बदमाश! आन् आत्ता बघा, जीपपाशी फोनवर कशा गप्पा हाणायलाय.

रखमाजी : तुमचा फिरायचा पट्टा कोणता?

बिरू : सुगी झाली की देवगाव फाट्यावरून खाली. जिंतुराकडच्या माळानं, मंग वळून कालव्याच्या कडंकडंनं. आन् तुमचा?

रखमाजी : कालव्याच्याच कडंनं. पर मी पाथरीच्या बाजूनं.

बिरू : मंग कवा ना कवा गाठ पडली आसंल की हो आपली!

रखमाजी : पडली बी आसंल. हिवाळ्यात तिकडं मेंढरांचे लय वाडे उतरत्यात. धुक्यात कोण कुणाला वळखतंय.

बिरू : आता कालव्याकडं चारा कुठं ऱ्हायला? जिथंतिथं ऊस. काठी टेकायला जागा न्हाई.

रखमाजी : आन् मेंढरं बसवायला कोण बलावतंय? पैले शेतकरी घरी यायचे, आमच्या रानात चार राती बसवा म्हणून. लेंडीचं खत पडायचं, आमाला ज्वारी मिळायची. आता खताचं पोतं आणत्यात दुकानातून, आन् आपुन बांधावरून गेलो तर कुत्रं सोडत्यात.

बिरू : तुमी माझ्या तोंडातलं बोलायलाव बगा. खरं सांगू का? मला आता इतकं हलकं वाटायलंय! सकाळधरनं मागच्या दाराकडंच डोळे हुते, कवा काय उघडं पडंल म्हणून. आता तुमी बी आमच्यातलेच, आमी बी तुमच्यातलेच. झाकायचं काय ऱ्हायलंच न्हाई. देवच धावला म्हणायचा त्या मेंढीच्या रूपानं. करून टाका आता सुपारी.

रखमाजी : न्हाई पाव्हणं.

बिरू : आं? काय न्हाई?

रखमाजी : सोयरीक न्हाई व्हायची.

बिरू : आवो, आता तर...! खोटं बोललो म्हणून व्हय? पाया पडतो तुमच्या. पर खोटं तर तुमी बी—

रखमाजी : खोट्याचं काय न्हाई. पोरगं सोन्यावानी हाय तुमचं. म्हणून तर आत्ताच सांगायलो, लांबवत बसलो न्हाई.

बिरू : सोन्यावानी हाय तर मंग आडलं कुठं?

रखमाजी : सोनूचा जल्म कुठं झाला, सांगू? कालव्याच्या पुलाखाली. आमी वाटंनं चाललो हुतो. तिच्या आईला कळा लागल्या, दोन बाया लुगडं धरून उभ्या ऱ्हायल्या. मी आपला मेंढरं आडवीत पल्याड. दुसऱ्या दिशी तिथल्या शेतकऱ्यानं हाकललं, म्हणला उठवा वाडा. वली बाळंतीण चालली की हो माझ्यामागं! डोक्यावर बिऱ्हाड, काखंत ही पोरगी. तवापासून सोनूच्या आईची कंबर धरली ती धरलीच. आत्ता घरात जाऊन बगा, बसताना भितीला हात लावून बसती.

बिरू : बघितलं म्या. भागीचं बी तसंच हाय.

रखमाजी : मंग? सोनूला म्या वाड्यावरून उचलून आश्रमशाळेत घातलं. सात वर्साची हुती. जीपच्या मागं पळत आली, मला सोडून जाऊ नका दादा म्हणून. म्या मागं बघितलं न्हाई. आता परभणीला नर्सचं शिकायलीय, शेवटचं वरीस. त्या पोरीला आणून पुन्ना पुलाखाली बसवू का मी?

बिरू : नोकरी करंल की ती! आमी कशाला आडवतोय? ती दवाखान्यात जाईल, बबलू मेंढराकडं बघंल.

रखमाजी : दवाखाना परभणीला. मेंढरं जिंतुराच्या माळावर. दोघं भेटायची कवा?

बिरू : मंग मेंढरं इकतो! उद्याच्या उद्या इकतो. बबलू जाईल पुन्ना कंपनीत. खोटं न्हाई सांगत, त्यो चाकणला हुताच. सात म्हैने हुता. मंग ब्रेक दिला त्यांनी, घरी बसवलं. पुन्ना घेतला, पुन्ना ब्रेक दिला. गावाकडं आला तर मला म्हणतो, आबा, मेंढरं कवा ब्रेक देत न्हाईत. म्या बी म्हणलं, ऱ्हा बाबा.

रखमाजी : मेंढरं इकल्यावर आन् ब्रेक दिल्यावर?

बिरू : ...कायबी करंल. तगडा हाय.

रखमाजी : तगडी लय पडलीत पाव्हणं पुण्याला, एका खोलीत धा-धा जण. आन् हात आसल्या कामाला लागलेला. त्याच्या हातात ते कोकरू कसं गप ऱ्हायलं!

बिरू : ह्योच तर गुन्हा झाला ना त्याचा. बत्तीसावं लागलंय त्याला. त्याच्या बरुबरीच्यांची लेकरं शाळेत जायलीत. रातच्याला एकटाच मोबाईल बघत पडतो मेंढरात. कुणाचं लगीन आसलं की म्हणतो, मेंढराजवळ कुणी न्हाई, तुमी जा. आवो, आमच्या बन्सीधर मालकाचा पोरगा महारुद्र, वीस एकर रान, विहिरीला पाणी, त्याला बी कुणी पोरगी देईना. शेती करतो म्हणून! मालक माझ्याजवळ बसून रडले. मला वाटलं, चला, ह्या बाबतीत तरी मालक आन् आमी सारखे झालो.

रखमाजी : मंग?

बिरू : मंग काय! मालकानं रस्त्याकडचा तुकडा इकला. पोराला चिकटवला एका शाळेत, शिपाई म्हणून. म्हैन्याच्या आत सोयरीक. पंगतीला मीच वाढत हुतो.

रखमाजी : त्यांच्याजवळ तुकडा हुता.

बिरू : माझ्याजवळ काय हाय मंग? तुमीच सांगा. बोला! माणूस चांगला हाय म्हणता, काम येतंय म्हणता, जात एक, धंदा एक. मंग आमी काय करावं? आमच्या पोरांनी कुणाच्या दारात जावं?

रखमाजी : तुमाला लेक हाय ना एक?

बिरू : शिवकन्या. बबलूच्या पाठची.

रखमाजी : कुठं दिली?

बिरू : वाळूजला.

रखमाजी : जावई?

बिरू : ...कंपनीत हायती.

रखमाजी : आन् मेंढरावाला कुणी आलता का तिला मागायला?

बिरू : आलता.

रखमाजी : कोण?

बिरू : हरिओम म्हणून. माझ्या मैतराचाच पोरगा. बापाच्या माघारी एकट्यानं कळप वाढवला त्यानं. लय गुणाचं पोरगं.

रखमाजी : काय सांगितलं त्याला?

बिरू : जे तुमी आत्ता मला सांगितलं, तेच.

रखमाजी : मंग मला सोडा तुमी. मला जाऊ द्या. आन् वसरीकडं बघा जरा. माझी पोरगी कशी बसलीय बघा, पदर बिदर सुटला तरी भान न्हाई. मी आत्ता उठलो न्हाई, आन् घरी गेल्यावर ती हो म्हणली, तर मला न्हाई म्हणता येणार न्हाई.

बिरू : म्हंजे तिला इचारणारच न्हाई तुमी?

रखमाजी : म्हणून तर उठायलो. ए दत्ता! काढ रे जीप. पाव्हणं, घरात काय सांगू नका. मी बी म्हणतो, कळवतो म्हणून. रामराम.

(जीप गेली. वसरीत पव्ह्याच्या ताटल्या तशाच पडलेल्या.)

भागुबाई : काय म्हणले वो? पोरीच्या आईची वटी भरायला घेतली तर, राहू द्या म्हणली, पाठीत दुखायलंय, वाकता येईना. वटीला वाकावं लागतंय व्हय?

बिरू : कळवतो म्हणले.

भागुबाई : कळवतो म्हणले?

बिरू : हां.

भागुबाई : आत्तापस्तोर जेवढे कळवतो म्हणून गेले, त्यातल्या एकानं तरी कळवलं का? समदं माझंच चुकलं. ती मेंढी म्याच हाकलली मागं. माझ्या हाताला किडे पडू देत.

बबलू : आई, गप की. मेंढीनं बरंच केलं उलट. आन् हे कळवतील बग. ह्या बारीला कळवतील.

भागुबाई : तुला काय सपान पडलं?

बबलू : मी सांगून टाकलं तिला. म्हणलं, माझी कंपनी बिंपनी काय न्हाई. दोनदा गेलतो, दोनदा ब्रेक दिला. आता मेंढरं हाईत आन् मी हाय.

भागुबाई : आरं मुडद्या! कुणी सांगितलं हुतं तुला?

बबलू : मेंढी घरात येऊन उभी ऱ्हायल्यावर आता काय झाकायचं हुतं? आन् ती काय म्हणली, ऐक की. म्हणली, आमची बी हाईत, दादानं मामाच्या रानात लपवलीत. मी सांगितलं म्हणून कुणाला सांगू नका.

भागुबाई : आगं बाई! खरंच?

बबलू : आबा, खरंच. मला इचारायली, त्या कोकराची नाळ कुणी कापली म्हणून. म्हणलं मीच. तर म्हणती, मी शिकून दवाखान्यात जे करते ते तुमी माळावर करताव, मला पगार मिळंल, तुमाला मेंढी ढुशी मारती. लय हुशार हाय. तिला वाड्यावरचं समदं येतंय, भाकरी, खुट्टे, जाळी लावणं. म्हणली, शाळेला सुट्टी लागली की मी कालव्याकडंच असायची.

भागुबाई : बगा वो, ऐका! आन् तुमी मेल्यावानी तोंड करून बसलाव. पोरगी राजी हाय म्हणतोय त्यो!

बिरू : ऐकायलो.

भागुबाई : मी उद्याच देवीला नारळ फोडते. तुझ्या भनीला, शिवीला फोन लाव रे, सांग तिला.

बिरू : फोन लावू नका.

भागुबाई : आं? काहून?

बिरू : नका लावू म्हणलं ना.

बबलू : आबा, काय झालं? त्यो माणूस तुमच्यासंगं इतका येळ बसला. तमाकू खाल्ली. मला तर वाटलं, जमलं.

बिरू : न्हाई म्हणला त्यो.

बबलू : कळवतो म्हणले ना?

बिरू : न्हाई म्हणला. तोंडावर. कळवतो हे तुमाला सांगायला.

बबलू : मेंढरं हाईत म्हणून?

बिरू : हां.

बबलू : पर त्याची बी हाईत की!

बिरू : म्हणूनच.

भागुबाई : ह्ये काय बोलणं झालं? सोताची हायती म्हणून न्हाई म्हणला? तुमी काय बोललाव का न्हाई त्याला? तोंडात काय गुळणी धरली हुती?

बिरू : काय बोलू? त्यानं शिवीचं इचारलं मला. कुठं दिली म्हणून.

भागुबाई : ताटल्या घासते मी. पव्हे वाळून जायलेत.

बबलू : पर आबा, पोरीला तर इचारायचं तिच्या. तिला काय पाहिजे ते. तिनं मला नंबर बी दिला आसता, मीच म्हणलं, आधी आबांचं बोलणं हूं दे.

बिरू : तिला इचारायला नको, म्हणूनच त्यो गडबडीनं उठला बाबा. वसरीकडं बघितलं त्यानं, आन् जीप काढाय लावली. काय करत हुती ती तवा?

बबलू : काय न्हाई.

बिरू : काय न्हाई कसं?

बबलू : मी तिला चाकणचं सांगत हुतो. नाईटला लाईनवर उभ्या उभ्या मला झोप लागलती, आन् सुपरवायझर पुढं येऊन उभा ऱ्हायला, तर मी त्यालाच हुर्र्र केलं. त्याला हासायली हुती ती. लय हासली आबा. डोळ्याला पाणी आलं तिच्या. आशी हासली की मला बी...

बिरू : तेच बघितलं त्यानं.

बबलू : मंग मी हासवायलाच नको हुतं तिला.